सीटसाठी दिलेली लेक

ममता माझ्याकडे येते ती माझं रक्त काढायला. साखर, थायरॉइड, आणि माझ्या डॉक्टरला ऐनवेळी आणखी जे काय सुचेल ते. रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या एका लॅबमध्ये ती नोकरी करते. सकाळी स्कूटीच्या डिक्कीत बर्फाचा डबा ठेवून घरोघरी फिरते आणि लोकांच्या नसा शोधते. आम्ही दोघी ब्राह्मणपाऱ्यातल्या एकाच गल्लीतल्या, त्यामुळे माझं घर ती फेरीत शेवटी ठेवते. काम आटोपलं की जरा टेकते, बोलते. ती बोलते तेव्हा मी मध्ये तोंड घालत नाही, आणि मला ओळखणारं कुणीही सांगेल की हे माझ्या स्वभावात नाही. अर्धा जन्म मी सरकारी शाळेत पोरांवर ओरडण्यात घालवलाय.

गल्लीत ममताबद्दल एकच गोष्ट सांगतात, की तिने पोटची पोर नणंदेला देऊन टाकली. नवा भाडेकरू आला की महिन्याभरात त्याच्या कानावर हे जातं. कशासाठी दिली ते मात्र कुणी नीट सांगत नाही, कारण सांगितलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. पोरीला विमानाचं इंजिनिअरिंग शिकता यावं म्हणून दिली. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मी तो सगळा प्रकार जवळून पाहिलाय आणि आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

मुलीचं नाव देवयानी. ममता आणि वासुदेवची एकुलती एक. ती लहान असताना बांगलादेशचं एक प्रवासी विमान इंजिन बिघडलं म्हणून आमच्या माना विमानतळावर उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानाने निघून गेले, आणि हे विमान तिथंच राहिलं. वर्षं गेली तरी उभंच. रायपूरच्या लोकांना त्याची इतकी सवय झाली की त्याच्याकडे कुणी मान वळवून बघेना. देवयानी मात्र बापाच्या मागे लागून सुटीच्या दिवशी तिकडे जायची आणि कुंपणाबाहेरून जेवढं दिसेल तेवढं बघत बसायची. “पापा, इसको ठीक क्यों नहीं करते?” असं तिने विचारलं, तेव्हा वासुदेवने कंपनी, भाडं, कोर्ट असं बरंच काही समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मतलब ठीक तो हो सकता है न?”

घरात मराठी चाले, पण आमच्या इकडच्या बहुतेक पोरांसारखी ती मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

विमान उडवणार, रॉकेट सोडणार असं सगळीच मुलं म्हणतात, आणि आठवीत बीजगणित आलं की गप्प होतात. ही गप्प झाली नाही. गणिताला ती माझ्याकडे यायची. एखादं सूत्र शिकवलं की ते कुठून आलं हे कळेपर्यंत उठायची नाही. थर्माकोलचे पंख कापून टेबलफॅनसमोर धरायची, कुठला वर उचलला जातो ते बघायची, आणि कचरा माझ्या अंगणात करायची. मी खूप रागवायचे. पण इतकं खरं सांगते, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत असं डोकं मी दुसरं पाहिलं नाही. तिने विमानं शिकावीत असं मला मनापासून वाटत होतं.

आता वासुदेवबद्दल. तो नवा रायपूरला सरकारी कार्यालयात आहे. नियमांचा माणूस. आमच्या इथल्या मराठी समाजातल्या कुणाच्या पोराची ॲडमिशन असो, जातीचा दाखला असो, वासुदेवला विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि त्याला ते आवडायचं. देवयानी आठवीला असतानाच त्याने चौकशीला सुरुवात केली. आयआयटीत नंबर लागला तर प्रश्नच मिटला, पण नशिबावर हवाला ठेवून बसणारा तो नव्हता. आपल्या राज्यात विमानाच्या इंजिनिअरिंगची धड सोय नाही असं त्याने ठरवून टाकलं. नागपूरच्या एका कॉलेजात मात्र ही ब्रँच होती. रायपूरहून सकाळी गाडीत बसलं की दुपारी नागपूर. पोर डोळ्यांसमोर राहील.

अडचण एकच होती. तिथल्या बहुतेक जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी, आणि देवयानी कागदोपत्री छत्तीसगढची. वासुदेवला हे फार लागलं. त्याचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या कारकिर्दीत इकडे आलेलं. घरात मराठी, देवघरात मराठी आरत्या, लग्नं नागपूर-अमरावतीकडे. रायपूरचे लोक आम्हाला अजून नागपूरवाले समजतात, आणि नागपूरला गेलं की तिथले लोक आम्हाला छत्तीसगढी म्हणतात. हे आमचं नेहमीचंच आहे, आम्ही हसून सोडून देतो. वासुदेवने सोडलं नाही. “आपण तिकडचेच हावो,” तो म्हणायचा. “आपल्याच घरात जायले आपल्याले बाहेरचा दरवाजा काहून?” पण घरात कुठली आरती म्हणता हे नियम विचारत नाही. पोरीची शाळा कुठं झाली आणि तिचे आईबाप कुठले, एवढंच विचारतो.

शाळा बदलता येत होती. आईबाप कसे बदलायचे यावर वासुदेवने बरेच दिवस विचार केला, आणि आमच्याच लोकांना सुचेल असा उपाय त्याला सुचला.

त्याची थोरली बहीण शारदा नागपूरच्या महाल भागात राहायची. नवरा विनायकराव, बॅटऱ्यांचं दुकान, मूलबाळ नाही. वासुदेवच्या घराण्यात दत्तक ही काही नवलाची गोष्ट नव्हती. त्याचे आजोबा अभनपुराहून दत्तक आलेले, एक काका दत्तक गेलेला. या घरात दत्तक म्हणजे झोपलेल्या पोराला उचलून शेजारच्या खोलीत निजवण्यासारखं. फक्त आजवर मुलगे द्यायचे, घर आणि शेत चालवायला. मुलगी, आणि तीही कॉलेजच्या सीटसाठी, वासुदेवनेच पहिल्यांदा दिली.

त्याने ममताला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, “मंग ती माही कोण?”

“तुहीच,” वासुदेव म्हणाला. “कागदावर ताईची, घरात आपली. कॉलेज झालं की झालं.”

ममता काही फार शिकलेली नाही. बारावीनंतर लॅबचा कोर्स, लगेच लग्न. नवऱ्याचं नियमांचं ज्ञान तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं, आणि तिला तसं कुणी करूही दिलं नसतं. तरी तिने चार दिवस काढले. मग पोरीला विचारलं. पोरगी आनंदाने उड्या मारत होती. आत्याकडे जायचं, आत्या लाडाची, मामाच्या दुकानात मोटरी आणि बॅटऱ्या, आणि शेवटी विमानं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. देवयानी म्हणाली, “मम्मी, तुम टेंशन मत लो, हर छुट्टी में आऊँगी.” ममताने मान डोलावली.

पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत दत्तक द्यावं लागतं, म्हणून आठवीच्या सुटीत उरकलं. मी त्या कार्याला हजर होते. भटजी कुरकुरत होते की मुलीचं दत्तविधान त्यांनी कधी केलं नाही. वासुदेवने त्यांना कायदा समजावला. वकिलाने बजावून ठेवलं होतं, की नुसत्या सह्या उपयोगाच्या नाहीत, देणं आणि घेणं प्रत्यक्ष झालं पाहिजे, चार लोकांसमोर, आणि त्याचे फोटो पाहिजेत. म्हणून पाटावर शारदा आणि विनायकराव बसले, समोर वासुदेव आणि ममता. देवयानी तेव्हाच आईपेक्षा उंच झाली होती. ती शारदाच्या मांडीवर बसली तशी बुटकी शारदा तिच्यामागे दिसेनाशी झाली आणि सगळे हसले. देवयानी सगळ्यात जास्त हसली. ममताने पोरीचा हात धरला आणि भटजींनी सांगितलं तसं म्हणाली, “ही मी तुम्हाला दिली.” शारदा म्हणाली, “मी घेतली.” शारदा रडत होती.

विकी नावाचा फोटोवाला होता. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाला, “भाभी, आपकी आँख बंद आ गई. एक बार फिर से दीजिए.”

ममताने पोरीला उठवलं, आपल्याजवळ घेतलं, आणि पुन्हा दिलं. मी त्या वेळी जिलबी खात होते. उरलेली तशीच ठेवून दिली.

पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं. सुटी लागली की देवयानी घरी. नागपूरच्या शाळेत मुली तिला चिडवायच्या, हिचं मराठी म्हणजे बाजारातलं म्हणून. तिने हट्टाने मराठी बोलायला सुरुवात केली आणि वर्षात त्यांच्यासारखी बोलायला लागली. शारदा तिच्या डब्यात रोज वेगळं काही द्यायची. विनायकरावांनी तिला दुकानाच्या मागे एक टेबल दिलं, जुन्या मोटरी दिल्या, स्कूटर शिकवली. आणि हे सगळं ती इथं आली की ममताला सांगायची. ममता मला सांगायची. सांगताना चेहरा हसरा ठेवायची, पण एकदा म्हणाली, “काकू, ताईनं तिचे केस कापले. मले विचारलं नाही. विचारायचं काहून, असं पण वाटते.”

दहावी झाली आणि कोरोना आला. गाड्या बंद. ममता अंगभर प्लास्टिक घालून लोकांच्या नाकात काड्या घालत फिरत होती, तेव्हा तिला आपल्याच घरात वेगळं राहावं लागायचं. पोर नागपूरला अडकली ते बरंच झालं, असं ती स्वतःची समजूत घालायची. दुसऱ्या लाटेत विनायकराव गेले. शारदाही आजारीच होती, त्यामुळे दवाखाना, ऑक्सिजनसाठी धावाधाव, आणि शेवटी घाटावरचा नंबर लावणं हे सगळं अकरावीतल्या पोरीने एकटीने केलं. अग्नीही तिनेच दिला. ममता इथून फोनवर सारखी विचारायची, “बेटा, जेवलीस का?” तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर शारदा खचली. एकटी जेवायला बसेना. देवयानीने ताट वाढलं आणि समोर बसली तरच खायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगी दत्तक घेतली ते देवानेच सुचवलं. सुट्ट्यांत येणंही मग कमी झालं. आली तरी दोन दिवसांत परतायची घाई. ममता तिला थांबवत नव्हती. विधवा बाई एकटी आहे हे तिलाही कळत होतं. ती फक्त कॉलेजची वाट बघत होती. एकदा सीट मिळाली, की वासुदेव म्हणाला तसं, झालं की झालं.

बारावीचा निकाल चांगला लागला. आयआयटी हुकली. पुण्याकडच्या एक-दोन कॉलेजांत यादी हिच्या मार्कांच्या थोडी वरच बंद झाली. उरलं नागपूरचं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच. कॉलेजात आधी समक्ष जाऊन बघून येऊ म्हणून वासुदेव, ममता आणि देवयानी तिघं गेले. वासुदेवने दाखल्यांची फाइल अशी धरली होती की जणू आत हिरे आहेत. ममताने नवीन साडी नेसली होती. हे सगळं मला ममतानेच सांगितलं, आणि साडीचं सांगताना ती स्वतःवरच चिडली.

खिडकीतल्या माणसाने ब्रँचचं नाव ऐकलं आणि म्हणाला, “ते बंद झालं न साहेब. यंदापासून नाही.”

“बंद काहून?” वासुदेवने विचारलं.

“पोट्टेच येत नव्हते. कम्प्युटर पाहिजे सगळ्याईले. आमचे सर लोक फोन करून करून थकले. शेवटी शेवटी तर कोण्याही राज्याचा पोरगा आला तरी आम्ही घेऊन राहिलो होतो. तरी अर्धा वर्ग रिकामा.”

ममताने विचारलं, “छत्तीसगढचे पण घेत होते?”

“हव. तुमच्या रायपूर-भिलाईचे होते न.”

वासुदेव बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. फाइल मांडीवर. देवयानीने त्याला पाण्याची बाटली आणून दिली. त्याने ती उघडली नाही. मला त्याची कीव येत नाही. आत कुणाला सोडतात, कुठल्या कागदावर सोडतात, याची चौकशी त्याने वर्षानुवर्षं केली. आत जायला कुणी रांगेत उभं आहे का, एवढं बघायचं राहून गेलं. आमच्या लोकांचं हे असंच आहे. महाराष्ट्राचं दार म्हटलं की त्याच्यापुढे गर्दी असणारच, ते आपल्याला बंद असणारच, असं आम्ही धरूनच चालतो. कुणी ढकलून बघत नाही.

तरी सगळं संपलं नव्हतं. देवयानीने आणखी एक परीक्षा देऊन ठेवली होती, तमिळनाडूतल्या एका खाजगी विद्यापीठाची. तिथं कुठल्याही राज्याची मुलं घेतात. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक खरं विमान ठेवलंय, मुलांनी खोलून बघायला. तिचा नंबर लागला होता. फीची सोय वासुदेवने केली, तो प्रश्न नव्हता. आठवड्याभरात जायचं होतं.

शारदा नाही म्हणाली. तिने आरडाओरडा केला नाही. फोनवर फक्त म्हणाली, “माही पोरगी इतक्या दूर नाही जाणार.”

“ताई,” वासुदेव म्हणाला, “ते आपलं कागदावर होतं.”

“कागद तूच आणला होता न,” शारदा म्हणाली आणि फोन ठेवला.

वासुदेव वकिलाकडे धावला. वकील म्हणाला, रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही. आईबापांना नाही आणि मुलीलाही नाही. आता देवयानी सज्ञान होती, शिकायला जायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती, हे खरं. पण बॅग उचलून त्या बाईच्या समोरून निघून जायचं कसं, हे वकील काय सांगणार? ज्या दत्तकामुळे पोरीला विमानं शिकता येणार होती, तेच आता तिचा पाय धरून बसलं. वासुदेव घरी येऊन पंख्याखाली पडून राहिला. नियम संपले की त्याच्याकडे काही उरत नाही.

मग ममता उठली. नवऱ्याला न विचारता तिने लॅबमध्ये सुटी टाकली आणि एकटी नागपूरला गेली. जाताना माझ्या दारात दोन मिनिटं थांबली. “काकू, मी ठरवलं हाय,” म्हणाली. काय ठरवलं ते सांगितलं नाही.

ती पोचली तेव्हा शारदा आणि देवयानी भाजी निवडत बसल्या होत्या. ममताने पाणीही घेतलं नाही. तिथंच जमिनीवर बसून म्हणाली, “शारदाताई, मी इथं येऊन राहते. नागपुरात काय लॅबा कमी हायेत. मले कुठंही काम भेटते. तुमच्याजवळ राहीन, जेवायले समोर बसीन. पोरीले जाऊ द्या.”

शारदा तिच्याकडे बघत राहिली. “अन् वासुदेव?”

“ते राहतील. डबा लावतील.”

“चार वर्षं?”

“हव.”

शारदाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “मले वाटलं तू भांडायले आली. भांडली असतीस तर मी सोडली नसती.” आणि देवयानीला म्हणाली, “जाय मंग. मी म्हणते जाय. तुही मम्मी येते माह्याजवळ.”

ममता मला सांगत होती, त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की तिथंच आडवं व्हावं. चार वर्षांनी पहिल्यांदा आपण पोरीसाठी काहीतरी केलं, नुसतं दिलं नाही, असं वाटलं.

देवयानी म्हणाली, “मी नाही जात.”

दोघीही तिच्याकडे बघायला लागल्या. ममता म्हणाली, “असं काय बोलतेस? तुलेच तर पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं. अजून पण पाहिजे.”

“मंग? ताई हो म्हणून राहिल्या न आता.”

“त्या म्हणतीलच.” देवयानी मेथीची पानं तोडतच होती. आवाज चढवला नाही तिने. “मम्मी, एकदा सीटसाठी तुम्ही मले सोडलं. आता सीटसाठी मी हिले सोडू? मंग माह्यात अन् तुमच्यात काय फरक राहिला?”

“तुले सोडलं नव्हतं बेटा.”

“मंग काय केलं होतं?”

ममताच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, “दिलं होतं.” ते सोडण्याहून वाईट आहे हे तिला बोलायच्या आधीच कळलं.

शारदाच पोरीवर रागावली. “आईसंग असं बोलतेत का? आई हाये ती तुही.” देवयानीने वर पाहिलं नाही. भाजी उचलून आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. जेवायला तिघी बसल्या. ममता जेवली. न जेवून काय करणार, पोरीने तिच्यासाठी वांग्याचं भरीत वेगळं केलं होतं. संध्याकाळच्या गाडीने ती परत आली.

तमिळनाडूची तारीख निघून गेली. देवयानीने नागपूरलाच कम्प्युटरला नाव घातलं, महाराष्ट्राची मुलगी म्हणून. त्याला तरी दाखल्यांचा उपयोग झाला, असं वासुदेव एकदा बोलून गेला. तेव्हा मी त्याला माझ्या घरातून जायला सांगितलं. त्यानंतर त्याने समाजातल्या पोरांच्या ॲडमिशन बघणं बंद केलं. आता देवयानीचं शिक्षण संपतच आलंय. पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली आहे, बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम. जाताना शारदाला बरोबर घेऊन जाणार आहे. इकडे दिवाळीला येते, दोन दिवस राहते, आईला साडी आणते, नीट वागते. विमानाचं नाव काढत नाही. मी एकदा मुद्दाम काढलं, तर तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

पण मला सांगायचंय ते ममता नागपूरहून परत आली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सुटी संपली होती, त्यामुळे ती नेहमीसारखी कामावर होती, आणि माझ्या साखरेची तारीख होती. माझ्या दंडाला पट्टा बांधता बांधता तिने हे सगळं सांगितलं, जसं आता मी तुम्हाला सांगितलं तसंच, काही न गाळता. ऐकून माझा तोल गेला. मी म्हटलं, “एवढी वर्षं तुम्ही काय काय सोसलं अन् ती पोरगी आईच्या तोंडावर असं बोलते? मी असती तर थोबाडीत मारली असती.”

“काहून?” ममता म्हणाली. सुई आत गेली होती आणि नळी भरत होती. ती नळीकडे बघत होती. “बरोबर बोलली ती. आपल्या माणसाले एकटं टाकून जाऊ नये, हे कळते तिले. माह्याजवळ राहिली असती तर मी तिले हेच शिकवलं असतं, काकू.”

तिने सुई काढली, बोळा ठेवला आणि माझा हात कोपरातून दुमडला.

“पण मी नाही शिकवलं. शारदाताईनं शिकवलं.”